दाब-नियामक केंद्रांचा आवाज कुंपणावर मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांतून ध्वनिप्रदूषणाची चर्चा होते तेव्हा ती बहुधा वाहनांचे भोंगे, ध्वनिक्षेपक, बांधकामे आणि विमानतळ यांच्यापाशी थांबते. मला या पत्रातून अशा एका आवाजाकडे लक्ष वेधायचे आहे, जो रात्री बंद होत नाही, ज्याला सुटीचा दिवस नसतो आणि जो नेमका कुठून येतो हे शेजाऱ्यांना पुष्कळदा सांगताही येत नाही. वाहिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूचा दाब कमी करणाऱ्या केंद्रांचा हा आवाज आहे. दूरवरून गॅस आणणाऱ्या मोठ्या वाहिन्यांत दाब कित्येक दहा बार असतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब). तो वस्तीजवळ येईपर्यंत काही बारवर आणि घरातल्या शेगडीपर्यंत पोचेपर्यंत काही मिलिबारवर उतरवावा लागतो. हे उतरवण्याचे काम रेग्युलेटर करतो, आणि ते करताना तो शीळ घालतो, फुत्कारतो किंवा एकसुरी गुणगुणतो. या क्षेत्रात काम केलेला अभियंता म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, अशी सामग्री विकत घेताना आवाजाची जी अट घातली जाते ती चुकीच्या जागेसाठी आणि चुकीच्या कानासाठी घातलेली असते, आणि पुढचे सगळे उपाय त्यामुळेच उशिराचे, महागाचे आणि अर्धवट ठरतात.

ती अट बहुतेक मागणीपत्रांत एका ओळीची असते: एक मीटर अंतरावर आवाज ८५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. हा ८५ चा आकडा आठ तासांच्या पाळीत यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या कामगाराची श्रवणशक्ती जपण्यासाठी ठरलेला आहे आणि त्या कामासाठी तो योग्यही आहे. परंतु दाब-नियामक केंद्रात दिवसाचे आठ तास कोणी उभे नसते. बहुतेक केंद्रे कर्मचाऱ्यांविना चालतात. तिथे चोवीस तास असतो तो कुंपणापलीकडचा शेजारी, आणि त्याचा प्रश्न कान बधिर होण्याचा नसून झोप लागण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीच्या आवाजाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत घराबाहेरची रात्रीची सरासरी पातळी ४० डेसिबलच्या आत असावी असे म्हटले आहे. आता साधा हिशेब करून पाहावा. एका बिंदूतून मोकळ्यावर पसरणारा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटतो. म्हणजे एक मीटरवर ८५ असलेला आवाज ३२ मीटरवर ५५ होतो आणि ४० वर येण्यासाठी त्याला सुमारे १८० मीटर मोकळी जागा लागते. वस्तीतल्या केंद्राभोवती एवढी जागा सोडलेली मी तरी पाहिलेली नाही.

प्रत्यक्षात तर स्थिती याहून वाईट असते, कारण आवाज एका बिंदूतून येतच नाही. रेग्युलेटरच्या पोटात निर्माण झालेला ध्वनी त्याच्या जाडजूड ओतीव कवचातून फारसा बाहेर पडत नाही. तो गॅसबरोबर पुढच्या पाइपमध्ये जातो आणि पाइपच्या तुलनेने पातळ भिंतीतून वाटभर झिरपत राहतो. पाइपमधल्या गॅसमध्ये तो अंतराबरोबर फारच थोडा विरतो. त्यामुळे रेग्युलेटरच्या पुढच्या पाइपची जमिनीवर असलेली संपूर्ण लांबी हीच ध्वनीचा स्रोत बनते, आणि अशा रेषेसारख्या स्रोताचा आवाज जवळच्या टापूत अंतर दुप्पट केल्यावर ६ नव्हे, फक्त ३ डेसिबलने घटतो. रेग्युलेटर हाही एक व्हॉल्व्हच, आणि व्हॉल्व्हच्या आवाजाचे पूर्वानुमान करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आयईसी ६०५३४-८-३ या मानकातही मोजणीचा बिंदू व्हॉल्व्हच्या अंगाजवळ न धरता, निर्गम तोंडापासून एक मीटर पुढे आणि पाइपच्या पृष्ठभागापासून एक मीटर बाजूला धरलेला आहे, तो याच कारणाने. रेग्युलेटरलाच गोधडी गुंडाळून शांतता मिळेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. शिवाय रेग्युलेटरवर आणि त्याला चालवणाऱ्या छोट्या नियंत्रकावर, म्हणजे पायलटवर, श्वसनासाठी ठेवलेली लहान छिद्रे असतात. उत्साहाच्या भरात ती झाकली गेली तर दाबावरचे नियंत्रणच बिघडते, आणि मग प्रश्न आवाजाचा न राहता सुरक्षिततेचा होतो.

हा आवाज मुळात होतो का, हे समजल्याशिवाय उपायांची प्रतवारी लावता येणार नाही. दाब कमी करणे म्हणजे गॅसला एका अरुंद फटीतून जायला लावणे. फटीत त्याचा वेग प्रचंड वाढतो, फटीबाहेर तो झोत आजूबाजूच्या संथ गॅसमध्ये घुसून भोवरे निर्माण करतो, आणि त्या उलथापालथीत दाबाची ऊर्जा खर्ची पडते. तिचा फार मोठा भाग उष्णता होऊन जातो. अगदी क्षुल्लक अंश ध्वनी होतो. पण मूळ रक्कमच मोठी असल्यामुळे तो क्षुल्लक अंशही पुरेसा असतो. समजा, सेकंदाला १ किलो गॅस, म्हणजे तासाला साधारण ५,००० घनमीटरच्या आगेमागे, सेकंदाला ४०० मीटर वेगाने फटीतून निघाला, तर त्या झोतात ८० किलोवॅट गतिज शक्ती असते. तिचा हजारावा हिस्सा जरी ध्वनीत गेला, तरी तो ८० वॅट होतो. माणसाच्या साध्या बोलण्यातली ध्वनिशक्ती वॅटच्या एक लाखाव्या भागाइतकी असते हे आठवले, म्हणजे पाइपची पोलादी भिंत शेजाऱ्यांवर केवढे उपकार करत असते ते कळते.

वेग हाच या प्रकरणातला खरा गुन्हेगार आहे. जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिले की, ध्वनिवेगापेक्षा कमी वेगाने मोकळ्यावर सुटणाऱ्या झोताची ध्वनिशक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर ध्वनिशक्ती २५६ पटींनी, म्हणजे २४ डेसिबलने उतरते. पाइपमध्ये कोंडलेल्या झोताला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, पण दिशा तीच राहते. नैसर्गिक वायूच्या बाबतीत पुढचा निरपेक्ष दाब मागच्या दाबाच्या सुमारे ५५ टक्क्यांखाली गेला की फटीतला वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो. त्यानंतर प्रवाह तिथे तुंबतो, झोतात आघात-लहरी उभ्या राहतात आणि आवाजाची जात बदलते. वस्तीजवळच्या बहुतेक केंद्रांत दाब एका झटक्यात चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली आणला जातो, म्हणजे ती या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे चालतात.

म्हणून पहिला उपाय उगमापाशीच करायला हवा, आणि तो उपलब्धही आहे. दाब एका उडीत न उतरवता दोन टप्प्यांत उतरवता येतो. दोन समान स्रोतांचा एकत्रित आवाज एकापेक्षा ३ डेसिबलच जास्त असतो, तर प्रत्येक टप्प्यावरची उडी लहान झाल्याने मिळणारा फायदा बहुधा त्याहून बराच मोठा असतो. याहून परिणामकारक युक्ती छिद्रांची आहे. झोताच्या आवाजाचा मुख्य सूर त्याच्या वेगाला त्याच्या व्यासाने भागून, येणाऱ्या संख्येचा साधारण पाचवा हिस्सा घेतला की मिळतो. वीस मिलिमीटर रुंदीचा झोत सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाला, तर त्याचा सूर ४,००० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे नेमका तिथे जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. तोच गॅस दोन मिलिमीटरच्या अनेक छिद्रांतून सोडला तर सूर ४०,००० हर्ट्झवर जातो, जो माणसाला ऐकूच येत नाही, आणि इतक्या वरच्या सुराला पाइपची भिंतही अधिक अडवते. कमी आवाजाच्या रेग्युलेटरांत बसवलेली छिद्रांची जाळीदार केज हेच काम करते आणि साधारण १० ते २५ डेसिबलची घट देऊ शकते. छिद्रे मात्र एकमेकांपासून पुरेशी दूर हवीत. ती खेटून पाडली की लहान झोत पुढे जाऊन एकमेकांत मिसळतात, पुन्हा एक मोठा झोत तयार होतो आणि सूर खाली येतो.

या जाळीची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. छिद्रे बारीक असल्याने धुळीने, गंजाच्या काळ्या भुकटीने किंवा थंडीत गॅस आणि पाणी मिळून तयार होणाऱ्या हायड्रेटच्या बर्फासारख्या खड्यांनी ती तुंबतात. त्यामुळे आधी चांगला फिल्टर हवा, आणि नैसर्गिक वायूचा दाब दर बारमागे साधारण अर्धा अंश सेल्सियस थंडावा निर्माण करत उतरत असल्यामुळे मोठ्या उडीसाठी गॅस आधी तापवणेही आवश्यक असते. जाळीमुळे रेग्युलेटरची वहनक्षमता घटते, म्हणून एक माप मोठा रेग्युलेटर घ्यावा लागतो. आणखी एक गंमत अशी की, माणसाच्या कानापासून लपवलेला हा अतिउच्च सूर अतिउच्च ध्वनीचे संदेश पाठवून गॅस मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरला मात्र स्पष्ट ऐकू येतो. ते मीटर सुमारे १०० ते ३०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, आणि शेजारच्या ‘शांत’ व्हॉल्व्हच्या गोंगाटात त्यांना स्वतःचाच संदेश सापडेनासा होतो. म्हणून मीटर रेग्युलेटरच्या आधी, दोघांमध्ये एखाद-दुसरे वळण ठेवून बसवावा. आराखड्याच्या वेळी ही गोष्ट फुकट होते. नंतर करायची तर पाइप कापावे लागतात.

काही ठिकाणी रेग्युलेटर साधाच ठेवून त्याच्या पुढे छिद्रांची एक स्थिर तबकडी बसवली जाते. कागदावर हा उपाय स्वस्त आणि मोहक दिसतो, कारण पूर्ण प्रवाहाला ती तबकडी दाबाचा चांगला वाटा उचलते. परंतु तिच्यावरचा दाबक्षय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रवाह एक-तृतीयांश झाला की तबकडी जवळजवळ काहीच उचलत नाही आणि दाबाची सगळी उडी पुन्हा एकट्या रेग्युलेटरवर येऊन पडते. कमी प्रवाहाला एकूण आवाजही कमी असतो हे खरे: प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आला तर इतर गोष्टी तशाच राहिल्यास आवाज १० डेसिबलच्या आसपास उतरतो. पण मागणी उतरते ती रात्री, आणि रात्री रस्त्याचा, माणसांचा, यंत्रांचा पार्श्वभूमीचा आवाज त्याहूनही अधिक उतरलेला असतो. दिवसा कुणाच्या लक्षात न आलेली शीळ मध्यरात्री खिडकीतून आत येते ती अशी. त्यात रेग्युलेटर गरजेपेक्षा फार मोठा घेतलेला असला, तर त्याची तबक-झडप कमी प्रवाहाला आपल्या बैठकीच्या अगदी लगत तरंगत राहते आणि थरथरू लागते. मग शीळेच्या जोडीला खडखडाटही येतो. भविष्यातली मागणी धरून आजच मोठे माप घेण्याची सवय यामागे आहे. केज बदलून क्षमता वाढवता येईल असा रेग्युलेटर आज लहान केजसह घेणे कधीही शहाणपणाचे.

उगमानंतर वाट. पाइपमधला वेग हा अनेकदा विसरला जाणारा मुद्दा आहे. उत्तम रेग्युलेटर घेऊन पुढचा पाइप अरुंद ठेवला, तर गॅस पाइपमध्येच आवाज करू लागतो. अनेक आरेखक केंद्रातला वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास ठेवतात, आणि निदान रेग्युलेटरच्या पुढे तरी हा संयम पाळावा असे माझे मत आहे. पाइपची जाडी दुप्पट केल्याने जेमतेम ५-६ डेसिबल मिळतात. पाइप लवकरात लवकर जमिनीखाली नेणे हा त्याहून चांगला मार्ग आहे, कारण माती विनामूल्य आणि कायमची ध्वनिशोषक आहे. जो भाग जमिनीवर राहणारच, त्याला खनिज लोकरीचा थर आणि त्यावर जड पत्र्याचे वेष्टन देता येते. अशा वेष्टनांची प्रतवारी आयएसओ १५६६५ या मानकात केलेली आहे. हे वेष्टन वरच्या सुरांना चांगले दाबते, खालच्या सुरांना मात्र जवळजवळ मोकळे सोडते, कधी कधी वाढवतेही. आणि त्याखाली, विशेषतः थंड पडणाऱ्या पाइपवर, ओल साचून दिसेनासा गंज चढतो. वेष्टन उघडून तपासणी करण्याची तरतूद ज्या देखभाल-योजनेत नाही तिथे ते बसवू नये, असेच मी म्हणेन.

आता भिंतीविषयी, कारण तक्रारी वाढल्या की सर्वांत आधी भिंतच सुचते. केंद्राला पक्की खोली बांधून आवाज कोंडता येईल ही कल्पना गॅसच्या बाबतीत एका मर्यादेपलीकडे चालत नाही. गळती झालीच तर गॅस साचू नये म्हणून खोलीला कायम उघडी झरोक्यांची जागा ठेवावीच लागते. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वरच्या बाजूचे झरोके तर अपरिहार्यच. आणि ध्वनिशास्त्राचा हिशेब निष्ठुर आहे: भिंत कितीही जाड असली तरी तिच्या क्षेत्रफळाचा एक टक्का भाग उघडा असेल, तर एकूण घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. झरोक्यांना ध्वनिशोषक पट्ट्यांची नळी लावून यातून वाट काढता येते, पण त्या नळीने हवेचा प्रवाह किती अडला हे मोजून घेतल्याशिवाय नव्हे. रहिवाशांच्या दडपणाखाली कुणी झरोके बुजवले, तर त्याने आवाजाच्या बदल्यात स्फोटाचा धोका विकत घेतला असे समजावे. खोलीच्या नादी लागण्यापेक्षा उघड्या केंद्राभोवती, हवा खेळती राहील अशा बेताने, पाइपच्या उंचीपेक्षा पुरेशी उंच भिंत घालणे अधिक प्रामाणिक आहे. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नये.

आवाज दाबला पाहिजे तो केवळ शेजाऱ्यांसाठी नव्हे. पाइपबाहेर एक मीटरवर ११० डेसिबलच्या पुढे गेलेला आवाज पाइपच्याच मुळावर उठू शकतो. कारुची आणि म्युलर या दोन अभियंत्यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेल्या शोधनिबंधात, दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या पुढील वाहिन्या ध्वनीने थरथरून तडकल्याची उदाहरणे एकत्र केली आणि पाइपच्या व्यासानुसार ध्वनिशक्तीची मर्यादा सुचवली. मोठ्या पाइपला जोडलेल्या बोटभर जाडीच्या शाखा, गेजच्या नळ्या आणि आधारांचे जोड प्रथम थकतात. म्हणजे आवाज ही शेजाऱ्याची कुरकुर समजून बाजूला सारणारा अधिकारी आपल्याच यंत्रणेची पूर्वसूचना बाजूला सारत असतो.

तक्रार आल्यावर होणाऱ्या मोजणीविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. अधिकारी दुपारी येतो, मापकावर ए-भारांकित (कानाच्या संवेदनेप्रमाणे सगळे सूर एकत्र केलेला) एकच आकडा वाचतो, तो मर्यादेत असल्याचे सांगतो आणि तक्रारदार अतिसंवेदनशील ठरतो. परंतु एकाच सुरात चालणारी शीळ तेवढ्याच डेसिबलच्या पसरट खळखळाटापेक्षा कितीतरी जास्त छळते. पर्यावरणीय ध्वनीच्या मोजणीचे आयएसओ १९९६ हे मानकही असा सूर स्पष्ट असल्यास मोजलेल्या पातळीत काही डेसिबलची भर घालायला सांगते. मोजणी रात्री, किमान आणि कमाल अशा दोन्ही प्रवाहांना, एक-तृतीयांश सप्तकाच्या पट्ट्यांत, म्हणजे सूर वेगवेगळे करून, व्हावी आणि केंद्र क्षणभर दुसऱ्या ओळीवर वळवून फरक पाहावा. बहुतेक केंद्रांत कामाची आणि राखीव अशा दोन समांतर ओळी असतातच. एकीवरून दुसरीवर गेल्यावर शीळ बदलली, तर दोष कुठे आहे हे तिथल्या तिथे कळते.

तेव्हा गॅस वितरण करणाऱ्या यंत्रणांना आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणांना माझी विनंती अशी आहे की, मागणीपत्रातली ती एक ओळ बदलावी. कामगारासाठी ८५ ची अट राहू द्यावी, पण तिच्याखाली कुंपणावरची आणि सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीबाहेरची रात्रीची पातळी वेगळी लिहावी. उन्हाळा-हिवाळ्यातील प्रवेशदाबाची दोन्ही टोके आणि प्रवाहाची दोन्ही टोके पुरवठादाराला द्यावीत आणि चारही जोड्यांना आवाजाचा आकडा मागावा. सध्या तो एकाच, बहुधा सोयीच्या, जोडीला दिला जातो. पूर्वानुमानाच्या रीतीतच सुमारे ५ डेसिबलचे अंतर पडू शकते, हे धरून अटीत तेवढी सवड आधीच ठेवावी. केंद्र सुरू झाल्यावर रात्रीची मोजणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. आपत्कालीन सुरक्षा-झडपेच्या तोंडाशी सायलेन्सर बसवायचा की नाही हे मात्र वेगळे ठरवावे. ती क्वचित उघडते, आणि तिच्या वाटेत अडथळा येण्यापेक्षा क्षणभराचा गडगडाट परवडला.

केंद्राच्या फाटकावर आपत्कालीन दूरध्वनी क्रमांकाची पाटी असते. त्याच पाटीवर कुंपणावरची रात्रीची मोजलेली पातळी आणि मोजणीची तारीख लिहावी. रेग्युलेटरची बैठक झिजली किंवा केज तुंबू लागली की आवाज बदलतो, आणि तो बदल महिन्यातून एकदा येणाऱ्या देखभाल पथकाच्या आधी शेजाऱ्याच्या कानाला कळतो. पाटीवर जुना आकडा असेल तर त्याच्या तक्रारीची तुलना कशाशी करायची हे दूरध्वनी उचलणाऱ्यालाही माहीत असेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्र अभियंता